टाकी भरली की मोटर आपोआप बंद व्हावी यासाठी नोडएमसीयू (वायफायवाला छोटा कंट्रोलर बोर्ड) वापरून घरीच सर्किट बनवावं की विकतचा कंट्रोलर घ्यावा? सेन्सर कुठला चांगला?

घरीच बनवा. पण सेन्सर कुठला हे सगळे विचारतात, रिले, म्हणजे बोर्डाच्या सिग्नलवर मोटरची वीज चालू-बंद करणारा स्विच, तो कुठला हे कोणी विचारत नाही. तुम्हीपण नाही विचारलं, म्हणून लिहायला बसलो. आमच्या नात्यागोत्यात "ह्याच्या कंप्युटरनं कुरडया बुडवल्या" अशी माझी ख्याती आहे, लग्नात नवीन पाहुण्यांना माझी ओळखसुद्धा अशीच करून देतात, आणि त्यात कंप्युटरचा काडीचा दोष नव्हता.

आमचं घर कराडला. नळाला पाणी पहाटे येतं ते जमिनीतल्या टाकीत पडतं, तिथनं अर्ध्या एचपीची मोटर ते गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीत चढवते. पूर्वी टाकी भरली की वरनं पाणी पडायचा आवाज यायचा, ज्याला पहिला ऐकू येईल त्यानं "मोटाऽऽर" असं ओरडायचं आणि बाबांनी उठून बटण बंद करायचं. ही पद्धत वीस वर्षं चालली. मला ती बदलायची होती.

सुरुवातीला तो दोन डोळ्यांचा एचसी-एसआर०४, म्हणजे आवाजाच्या प्रतिध्वनीवरनं पाणी किती खाली आहे ते मोजणारा सेन्सर, लावला झाकणाला आतनं. (त्याची उत्तर देणारी इको पिन पाच व्होल्टची असते, बोर्डाला तेवढं झेपत नाही, दोन रेझिस्टर लावून कमी करूनच जोडा, हे तुम्हाला माहीत असेलच.) तीन आठवडे मस्त चालला, मग टाकीतली वाफ त्याच्यावर बसायला लागली आणि रीडिंग एकदा चाळीस सेंटिमीटर, एकदा चारशे, एकदा शून्य. तो काढला आणि त्याच जातीचा वायरवाला वॉटरप्रूफ जेएसएन घेतला. ह्याची एक खोड आहे, साधारण वीस-पंचवीस सेंटिमीटरच्या आतलं त्याला दिसत नाही, म्हणून झाकणावर पाइपचा तुकडा उभा करून सेन्सर त्याच्या डोक्यावर बसवला. झालं तुमच्या सेन्सरचं उत्तर, हाच घ्या.

आता रिले. माझ्याकडं तो सगळ्यांकडं असतो तो निळा रिले होता, वर १० अँपिअर लिहिलेला. मला शंका होती, म्हणून दाजींना विचारलं. दाजी म्हणजे माझ्या ताईचे मिस्टर, कारखान्यात इलेक्ट्रिशियन, त्यामुळं वायरिंगच्या बाबतीत आमच्याकडं त्यांचा शब्द शेवटचा. ते म्हणाले, "अर्ध्या एचपीची मोटर तीन अँपिअर घेती रे, दहाचा रिले हाय, काय हुतंय." लावला.

एप्रिल २०१९, रविवार. आईनं पाच किलो गहू तीन दिवस भिजवून चीक काढलेला, मावशी आलेली, शेजारच्या काकू आल्या, पहाटे चारला पातेलं चढवलं, घोटून घोटून सगळ्यांचे हात गेले, आणि नऊ वाजेपर्यंत गच्चीभर जुन्या साड्यांवर कुरडया. मंडळी दमून खाली आली, चहा झाला, पोहे झाले, ताई-दाजी पण आलेले. मध्येच वरच्या टाकीतलं पाणी कमी झालं म्हणून सर्किटनं मोटर चालू केली, जे त्याचं कामच होतं. आणि मग कोणाचंच लक्ष नाही, कारण "मोटाऽऽर" ओरडायची सवय मीच मोडलेली. पस्तीस एक मिनिटं ओव्हरफ्लोचं पाणी गच्चीवर पडत होतं. अर्धवट वाळलेल्या कुरडईवर पाणी पडलं की तिचा परत चीक होतो, फक्त आता तो फरशीवर असतो.

आई काही बोलली नाही. मावशी बोलली. काकूंनी आपलं ताट उचललं आणि गेल्या. दाजी पोह्यांची ताटली हातात धरून म्हणाले, "सेन्सर गंडला बघ तुझा."

सेन्सर गंडला नव्हता. फोनवर लॉग होता, १० वाजून ५२ मिनिटांनी टाकी भरली, त्याच सेकंदाला मोटर बंद करायची ऑर्डर गेली. नोडएमसीयूनं सांगितलं, रिलेनं ऐकलं नाही. रिले उघडला तर आतले पॉइंट एकमेकांना चिकटलेले, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं हळूच ठोकलं तेव्हा टक करून सुटले. मोटर चालताना तीन अँपिअर घेते हे दाजींचं बरोबरच आहे, पण सुरू होताना ती क्षणभर पाच-सहा पट ओढते, आणि रिलेवरचा तो १० चा आकडा बल्ब-हीटरसारख्या साध्या लोडचा असतो, मोटरचा नाही. रोज दोन-तीनदा ठिणगी खाऊन खाऊन पॉइंट वेल्ड झाले. हे मी त्याच दिवशी सगळ्यांना दाखवलं, पण चीक पुसणाऱ्या बायकांना लॉग दाखवू नये एवढं मला तेव्हा कळत नव्हतं. दाजी अजून म्हणतात सेन्सरनंच उशिरा सांगितलं असणार. कारखान्यात एवढ्या मोटरा आहेत, तिथं एक तरी निळ्या रिलेवर चालते का ते सांगा म्हणावं. तिथं कॉन्टॅक्टर असतात, म्हणजे मोटरचा झटका सोसणारे दणकट स्विच, आतल्या कॉइलला वीज दिली की जोडले जाणारे. हे त्यांना माहीत नव्हतं अशातला भाग नाही, मेव्हण्याचं खेळणं म्हणून मनावर घेतलं नाही इतकंच.

तर तुम्ही काय करा, रिलेनं फक्त कॉन्टॅक्टरची कॉइल चालवा आणि मोटर कॉन्टॅक्टरवर टाका. मला तेव्हा सहाशेच्या आसपास पडला, तेव्हापासून एकदाही अडकलेला नाही. रिलेची पिन डी१ किंवा डी२ घ्या, डी० घेतलीत तर लाइट जाऊन आली की बोर्ड चालू होताना ती क्षणभर हाय होते, म्हणजे तिच्यावर व्होल्टेज येतं, आणि रिले हाय सिग्नलवर चालणारा असेल तर मोटर उगाच झटका खाते.

विकतचे कंट्रोलर वाईट नसतात, पण घ्यायच्या आधी दुकानदाराला विचारा की पाणी कुठवर आलं ते कळायला टाकीत धातूच्या सळ्या सोडायच्या आहेत का आणि त्यांना डीसी (एकाच दिशेनं वाहणारी वीज) जातो का. डीसी असेल तर सळ्या काही महिन्यांत झिजतात आणि मग टाकी भरलेली त्याला कळतच नाही.

बाबा पहिल्या दिवसापासून म्हणत होते की साधा फ्लोट स्विच, म्हणजे पाण्याबरोबर वर तरंगत येऊन बंद होणारा स्विच, लाव. मी हसलो होतो. आता तोही लावलाय, कॉन्टॅक्टरच्या कॉइलच्या लाइनमध्ये, म्हणजे बोर्ड, वायफाय, सेन्सर सगळं मेलं तरी टाकी भरली की मोटर थांबते. पण ती वायर पाण्यात असते, त्यामुळं घरात ३० मिलिअँपची आरसीसीबी (वीज गळायला लागली की लाइन तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग नसेल तर हे करू नका. खरं तर आधीचंही काही करू नका. आणि सोसायटीच्या थ्री फेज मोटरला यातलं काहीच लागू नाही, तिथं वायरमन बोलवा.

आई अजूनही वाळवणाच्या दिवशी पहाटे आधी मोटरची पिन काढून फ्रिजवर ठेवते आणि मग गॅस पेटवते.