टेम्पो ट्रॅव्हलरची केलेली जुनी कॅम्पर व्हॅन घेतोय. मेकॅनिकने इंजिन पास केलंय, आणखी काय बघू?

तुम्ही लिहिलंय की नाशकात अंबडला एक जण 2016 ची ट्रॅव्हलर विकतोय. आत दोन बेड, ओटा, पोर्टेबल टॉयलेट, वर सोलर. इंजिन ठणठणीत निघालं, तरी मन धजत नाही.

न धजलेलंच बरं, कारण इंजिन ही अशा गाडीतली सगळ्यात स्वस्त काळजी आहे. ट्रॅव्हलरचं इंजिन उघडणारा माणूस द्वारकेपासून मुंबई नाक्यापर्यंत कुठेही सापडेल. पैसे बुडतात ते छपरातून शिरलेल्या पाण्यात आणि आरसीवरच्या, म्हणजे गाडीच्या नोंदणी कागदावरच्या, एका ओळीत. मी सातपूरला गाड्यांच्या बॉडीचं आणि आतल्या फर्निचरचं काम करतो, त्यामुळे माझं मत त्या बाजूला जरा झुकलेलं असेल. पण मेकॅनिक झालाय, तर आता ओळखीचा सुतार सोबत न्या.

कंपनीतून येतं तेव्हा छपराला अशी भोकं नसतात. कॅम्पर करणारा ती पाडतो: पंख्याला, पॅनेलच्या पायांना, वायरीला. प्रत्येक ठिकाणी सीलंट भरलेलं असतं. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, पत्रा त्याहून तापतो, सीलंट तडकतं. मग जुलैत इगतपुरीकडे एक चक्कर झाली की पाणी आत. ते लगेच ठिबकत नाही. पत्र्याच्या आतून उतरून प्लायमध्ये मुरतं आणि वरचं लॅमिनेट मात्र चकचकीतच राहतं.

म्हणून शिडी मागा आणि स्वतः वर चढा. जुन्या पिवळट सीलंटवर नव्या पांढऱ्या सिलिकॉनचा थर दिसला तर गळती आधी झालेली असणार, असंच धरून चाला. मग आत या, गाद्या उचला, वरच्या कपाटातलं सामान काढायला लावा आणि कपाटाच्या मागच्या कोपऱ्यात अंगठा दाबून बघा. चांगला प्लाय अंगठ्याला दाद देत नाही. कुजलेला ओल्या बिस्किटासारखा दबतो. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने खालपासून वरपर्यंत ठोकत जा, टणक आवाज मध्येच बद्द झाला की तिथे खूण करा. खिडकीखालचे स्क्रूही बघा. स्क्रूच्या डोक्यापासून खाली तांबडी रेघ उतरली असेल तर पाण्याची वाट तीच. गेल्या वर्षी एक गाडी माझ्याकडे फक्त पडदे आणि गाद्या बदलायला आली होती. बेडची फळी काढली तर मागचं फ्लोअरिंग चाकाच्या कमानीपर्यंत काळं पडलेलं. मालकाला वास येत होता, तो त्याला टॉयलेटचा वाटायचा.

वासावरून आठवलं. विकणाऱ्याला सांगा, गाडी आदल्या रात्रीपासून बंद ठेव, मी आल्यावरच दार उघड. कार परफ्युमचा भपकारा आला तर जास्त वेळ काढा. आणि शेवटी गाडी वॉशिंग सेंटरला नेऊन छपरावर पंधरा-वीस मिनिटं पाणी मारा. प्रेशर गन नको, साधा पाइप. पाऊस पडतो तसं. सुतार आत टॉर्च घेऊन बसलेला हवा. विकणारा याला नाही म्हणत असेल तर तिथूनच परत फिरा.

आता कागद. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरटीओच्या मंजुरीशिवाय गाडीत मूळ नोंदीपेक्षा वेगळे फेरफार करता येत नाहीत. आरसीवर अजून मॅक्सी कॅब आणि बारा सीट लिहिलं असेल आणि आत बेड असतील, तर अपघातानंतर विमा कंपनीला नाही म्हणायला आयतं कारण मिळतं. नोंद कॅम्पर म्हणून बदललेली हवी आणि विम्याच्या पॉलिसीतही तेच हवं. बदलून देतो, माझी पेठ रोडच्या आरटीओ ऑफिसात ओळख आहे, असं कुणी म्हणालं तर आधी बदलून आण, मग पैसे, असं सांगा. चासीवर ठोकलेला नंबर आरसीशी जुळवा, कर्जाचा बोजा आणि थकलेली चलनं परिवहनच्या साइटवर बघा. 2027 च्या सिंहस्थात भाड्याने द्यायचा बेत असेल तर पांढऱ्या, म्हणजे खासगी नंबरच्या पाटीवर ते चालत नाही, हेही आत्ताच लक्षात घ्या.

वजनाकडे कुणी बघत नाही. पाण्याची टाकी फुल्ल करून गाडी काट्यावर घाला. शंभर लिटर म्हणजे सरळ शंभर किलो. आलेला आकडा आरसीवरच्या एकूण वजनाच्या जवळ पोचला असेल, तर तुमची चार माणसं आणि सामान कुठे बसवणार? एका बाजूला ओटा, फ्रिज, बॅटऱ्या सगळं आलं असेल तर गाडी उभी असतानाच त्या अंगाला झुकलेली दिसते. चाचणीही भरल्या टाकीनेच घ्या आणि सावळघाटापर्यंत जा. उतारावर ब्रेक कसे लागतात ते शहरात कळत नाही.

टायरवरचा चार आकडी शिक्का वाचा. 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. या गाड्या महिनोन्महिने उभ्या असतात, नक्षी नवी दिसते पण बाजूला बारीक चिरा गेलेल्या असतात.

वायरिंगसाठी इलेक्ट्रिशियन न्या. बॅटरीजवळ फ्यूज नसेल तर ते काम पुन्हा करावं लागेल हे धरूनच किंमत बोला. 12 व्होल्टवर हजार वॅटचं यंत्र ऐंशीहून जास्त अँपिअर ओढतं, तिथे घरातली बारीक वायर तापते. फ्रिज आणि पंखा दोन तास चालू ठेवा, बॅटरीत किती दम उरलाय ते कळेल. गॅसची नळी साबणाच्या पाण्याने तपासा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, म्हणून सिलिंडरच्या खणाला तळाशी बाहेर जाणारं भोक हवं. वर जाळी आहे असं सांगतील, तिचा गॅसला उपयोग नाही.

नुसती छपराची गळती असेल आणि प्लाय घट्ट असेल तर घाबरू नका, भाव पाडून घ्या. जमिनीचा प्लाय गेला असेल तर ओटा, बेड सगळं उचकटावं लागतं, ती गाडी मी तरी घेणार नाही. टोकन द्याल तेव्हा मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 वर सही घ्या, आणि कर्ज असेल तर बोजा उतरवायचा, बँकेच्या सही-शिक्क्याचा फॉर्म 35 हातात आल्याशिवाय उरलेली रक्कम सोडू नका.