बाबांचा फोन काढून घेतला, आता पुढे काय?

“मॅडम, मला फक्त एवढंच सांगा, बाबांना स्मार्टफोन परत द्यायचा की नाही?”

नागपुरात धरमपेठेतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न अलीकडे वेगवेगळ्या तोंडून ऐकू येतो. विचारणारा मुलगा किंवा मुलगी बहुधा पुण्या-बंगळूरहून चार दिवसांची सुटी काढून आलेली असते आणि शेजारच्या खुर्चीत वडील खाली मान घालून बसलेले असतात. घरात जे घडलेलं असतं त्याला आता सगळेच डिजिटल अरेस्ट म्हणतात, म्हणजे खोट्या पोलिसांनी व्हिडिओ कॉलवर अटकेचा धाक घालून पैसे उकळणं. त्यातल्याच एका घराची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदलले आहेत.

काका मानेवाड्याचे. सरकारी नोकरीत लेखा विभागातून निवृत्त झालेले, सत्तरीच्या पुढचे. एका सकाळी फोन आला की तुमच्या आधारवर घेतलेल्या सिमवरून काळ्या पैशाचे व्यवहार झालेत. मग व्हिडिओ कॉल. समोर गणवेशातला माणूस, मागे भिंतीवर बोधचिन्ह, टेबलावर फायली. व्हॉट्सॲपवर काकांच्या नावाचं वॉरंट आलं, त्यावर शिक्का आणि जावक क्रमांकसुद्धा. कॅमेरा बंद करायचा नाही, घरात कोणाला सांगायचं नाही, सांगितलंत तर मुलालाही आत घेऊ. हे दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चाललं. काकांनी मुदत ठेव मोडली आणि साडेचार लाख रुपये ‘पडताळणीसाठी’ पाठवून दिले. बँकेतल्या मुलीनं विचारलं होतं, “काका, एवढी रक्कम कशाला?” त्यांनी पढवलेलं उत्तर दिलं, मुलाच्या फ्लॅटसाठी.

कळल्यावर मुलानं बहुतेक घरं करतात तेच केलं. स्मार्टफोन काढून घेतला, बटणांचा साधा फोन हातात दिला, यूपीआय बंद केलं, बँकेचं ॲप आपल्या मोबाइलवर घेतलं. त्याच्या लेखी विषय संपला. पण काकांचं जेवण कमी झालं, अंबाझरीचं सकाळचं फिरणं सुटलं, दारावरची बेल वाजली की ते आतल्या खोलीत जाऊ लागले.

“आयुष्यभर लोकांच्या बिलांतल्या चुका काढल्या त्यांनी. त्यांना कसं कळलं नाही?” मुलगा पुन्हा पुन्हा हेच म्हणत होता.

मला तर वाटतं, म्हणूनच कळलं नाही. फसतो तो हावरट किंवा बावळट, हा समज आपण सोडलेला बरा. लॉटरी लागल्याचा मेसेज हावेवर चालतो. हा प्रकार चालतो तो सरळ माणसाच्या भीतीवर. ज्यानं शिक्का आणि सही बघून हजारो कागद पुढे सरकवले, वरच्याचा हुकूम कधी मोडला नाही, तो वॉरंट बघून आधी उठून उभा राहतो. मुलाला मी एकच बंधन घातलं, ‘तुम्हाला कळलं कसं नाही’ हे वाक्य यापुढे घरात बोलायचं नाही.

काका एकटे बसले तेव्हा बराच वेळ पंख्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “पैसे गेले, जाऊ द्या जी. ते नाही छळून राहिले मला.” फोन त्यांनी जेवणाच्या टेबलावर लोणच्याच्या बरणीला टेकवून ठेवला होता. मध्यरात्रीनंतर त्यांना लघवीला जायचं होतं. त्यांनी शाळेतल्या पोरासारखा हात वर केला. “मी बांधलेल्या घरात, मॅडम. मी विचारलं, सर, बाथरूमला जाऊ का? तो म्हणाला, दोन मिनिटं. अन् मी दोन मिनिटांत परत आलो जी.”

हे त्यांनी पोलिसांना दिलेल्या तक्रारीत नव्हतं, काकूंनाही सांगितलं नव्हतं. साडेचार लाखांचा हिशेब घरात रोज होत होता, या दोन मिनिटांचा कोणी करत नव्हतं.

आता मुलाच्या प्रश्नाकडे या दोन मिनिटांवरून बघा. फोन काढून घेतल्यावर काकांना पुन्हा प्रत्येक गोष्टीला परवानगी लागू लागली. गॅस बुक करायचा तर मुलाला फोन. नोव्हेंबरातलं हयातीचं प्रमाणपत्र ते आदल्या वर्षी घरबसल्या मोबाइलपुढे चेहरा धरून काढत होते, यंदा जावई त्यांना हाताला धरून बँकेत घेऊन गेला. फिरायला जाणाऱ्या मंडळींचा ग्रुप गेला, म्हणजे कोणाच्या घरी तर्री-पोहे ठरलेत तेही कळेना. घरच्यांचा हेतू चांगला, पण काकांना वाटलं शिक्षा अजून चालूच आहे, फक्त साहेब बदलला.

मी फोन परत द्या म्हटलं. मात्र तसाच नाही.

काकांसारख्या माणसाला ‘होतं असं, मनाला लावून घेऊ नका’ याचा काडीचा उपयोग नसतो. त्यांना नियम लागतो. म्हणून नियमच काढले. डिजिटल अरेस्ट अशी तरतूद आपल्या कायद्यात कुठेही नाही. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये हेच सांगितलं होतं. चौकशीला हजर राहण्याची नोटीस पोलिसांनी व्हॉट्सॲपवर बजावू नये, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये बजावलंय. काका पहिल्यांदा खुर्चीत पुढे सरकले. “ऑर्डरची प्रत मिळेल का?” मुलानं तिथेच मोबाइलवर शोधायला घेतली. पुढच्या भेटीला काका फाइल घेऊन आले, पानांना क्रमांक टाकलेली.

मग फोन कापायचा सराव. हसू नका, हा भाग सगळ्यात अवघड गेला. मी बाहेरच्या खोलीतून दुसऱ्या नंबरवरून फोन करायचे आणि दमदाटी सुरू करायची, काकांनी वाक्याच्या मध्येच कापायचा. सुरुवातीला ते “बरं जी, ठेवतो मग” म्हणायचे आणि माझ्या उत्तराची वाट बघायचे. समोरच्याचं बोलणं तोडणं उद्धटपणाचं, हे सत्तर वर्षांचं वळण. अंगठा लाल बटणावर नेऊन थांबायचा. हळूहळू जमलं. एकदा तर माझं ‘नमस्कार’ही पुरं होऊ दिलं नाही.

पैशांची व्यवस्था काकांनी स्वतः मांडली. यूपीआयला जोडलेल्या खात्यात महिन्याच्या खर्चापुरती रक्कम. ठेवी दुसऱ्या बँकेत, तिथलं ॲप कोणाच्याच फोनवर नाही, मोडायची तर शाखेत जाऊन, काकूंच्या सहीसह. आणि १९३० हा सायबर फसवणुकीचा क्रमांक फ्रिजवर चिकटवला. पैसे पुढच्या खात्यांत पांगण्याआधी तक्रार गेली तर बँका ते रोखू शकतात, म्हणून पहिले काही तास मोलाचे. काका शरमेपायी दोन दिवस गप्प राहिले होते, त्यामुळे थोडीच रक्कम अडवता आली. घरात पहिल्या मिनिटाला सांगायची सोय हवी ती यासाठी. ओरडा बसणार हे माहीत असेल तर कोण सांगेल?

काकूंना मी मुद्दाम शेवटी बोलावलं. त्या रात्री त्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या आणि काकांनी हातानं ‘जा’ अशी खूण केली होती. “एवढ्या वर्षांत कधी हाकललं नव्हतं यांनी,” त्या म्हणाल्या. “काहून नाही सांगितलं? मी तर फोनच आपटला असता भिंतीवर.” काका हसले. तेव्हाच घरचा नियम ठरला, की पोलीस, आधार किंवा पैसे यातला एक शब्द कानावर आला की फोन कापायचा आणि काकूंना हाक मारायची. मुलाला नाही. तो मीटिंगमध्ये असणार.

सगळ्याच घरांत एवढ्यावर भागत नाही. झोप-जेवण दोन आठवड्यांहून जास्त बिघडलेलं असेल, ‘आता जगून काय करू’ अशी भाषा येत असेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यायचंच. टेली-मानसच्या १४४१६ वर रात्री-अपरात्रीही मोफत बोलता येतं, मराठीतही.

परवा मुलाचा फोन आला, तक्रार घेऊन. बँकेतून केवायसीसाठी खराखुरा फोन आला होता, काकांनी तो अर्ध्या वाक्यात कापला. दुसऱ्या दिवशी मेट्रोनं सीताबर्डीला जाऊन, शाखेत कागद देऊन, पोचपावतीवर शिक्का मारून घेऊन आले. “बाबांचं हे जरा जास्तच होऊन राहिलं ना, मॅडम?”

मी म्हटलं, मला नाही वाटत.