कोबीवरच्या फुगलेल्या माव्यातून (पानांचा रस शोषणाऱ्या बारीक किडीतून) निघणारी प्रत्येक गांधीलमाशी मित्रकीटकच असते का?

नाही. आमच्या बेळगाव-खानापूर भागात कोबीच्या पानामागे फुगून सोनेरी-तपकिरी झालेला मावा दिसला, की आत बहुतेक डायरेटिएला या बारीक मित्रमाशीची अळी असते. पण तिच्यावरही टपलेल्या माश्या आहेत! अ‍ॅलॉक्सिस्टा मावा जिवंत असतानाच त्या अळीच्या आत अंडं घालते. डेंड्रोसेरस मात्र मावा कडक झाल्यावर कवच टोचून अळीच्या अंगावर घालते. दोघींची पिल्लं मित्रमाशीच फस्त करतात.

भिंगातून माव्याच्या कवचावरचं भोक बघा. गोल, साफ कडेचं, झाकण लटकलेलं असेल तर बहुधा मित्रमाशी बाहेर पडलीय. कुरतडल्यासारखं वेडंवाकडं असेल तर बहुधा दुसरी. म्हणून लगेच फवारू मात्र नका, औषधाने मित्रमाशीही मरते आणि मावा पुन्हा उसळतो.