फ्री हिट कुठल्या नियमात लिहिलाय?

थंडी पडायला लागली की नाशकात दोन गोष्टी बाहेर निघतात : कपाटातले स्वेटर आणि मंडळाच्या खोलीतली क्रिकेटची मॅट. त्यापाठोपाठ मला पत्रं येतात. या वेळची बहुतेक पत्रं मर्यादित षटकांच्या करंडक स्पर्धेबद्दल आहेत, म्हणून सगळी एकदमच घेतो. सातपूरच्या एका कारखान्यात नोकरी करताना मी बावीस वर्षं खात्याखात्यांमधला करंडक चालवला आणि निवृत्त झाल्यावर पंच म्हणून उभा राहू लागलो. खालची उत्तरं बरीचशी माझ्या स्वतःच्या चुकांतून आलेली आहेत.

काका, आमच्या मंडळाने जानेवारीत लेदर बॉलची २० षटकांची स्पर्धा ठरवली आहे. पत्रकात ‘एमसीसीचे नियम लागू राहतील’ एवढी ओळ टाकली की भागेल ना?
– एक कार्यकर्ता, सिडको

नाही भागणार. एमसीसी म्हणजे क्रिकेटचे कायदे लिहिणारा लंडनचा मेरिलबोन क्रिकेट क्लब. हीच ओळ मी २००९ साली आमच्या पत्रकावर टाकली होती. अंतिम सामना, अठरावं षटक. पंचांनी पाय पुढे पडला म्हणून नो-बॉल दिला. फलंदाज म्हणाला, फ्री हिट द्या (म्हणजे पुढच्या चेंडूवर धावबाद वगैरे सोडलं तर बाद नाही). समोरचा कर्णधार म्हणाला, कुठल्या नियमात लिहिलाय ते दाखवा. मी मोठ्या विश्वासाने पुस्तक उघडलं आणि पानं उलटत राहिलो. त्यात नव्हताच. आजही नाही. अर्धा तास हुज्जत चालली आणि शेवटची दोन षटकं कडेला मोटारसायकली उभ्या करून त्यांच्या दिव्यांत उरकली. कोण जिंकलं ते विचारू नका, दोन्ही खाती महिनाभर कॅन्टीनमध्ये वेगवेगळी बसत होती.

फ्री हिट, क्षेत्ररक्षकांना बांधणारं ३० यार्डांचं वर्तुळ, एका गोलंदाजाला चारच षटकं, बरोबरी झाल्यावरची एका षटकाची सुपर ओव्हर, यातलं काहीही एमसीसीच्या कायद्यांत नाही. ते कायदे सगळ्या क्रिकेटचे आहेत. मर्यादित षटकांसाठी वेगळं जे काही लागतं ते ज्याने-त्याने आपापल्या स्पर्धेपुरतं लिहायचं असतं. टीव्हीवर दिसतात त्या आयसीसीच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या अटी. त्या तुमच्या मैदानावर आपोआप उतरत नाहीत.

तेव्हा ती ओळ ठेवा, पण सगळ्यात खाली. तिच्या वर आपल्या अटी येऊ द्या. एका गोलंदाजाला एकूण षटकांच्या एक पंचमांश, म्हणजे वीसला चार. आणि सामना बारा षटकांवर आला तर काय, तेही आत्ताच लिहा : दोघांना तीन-तीन, बाकीच्यांना दोन-दोन. ही मर्यादा नसती तर आपल्या नाशकात जन्मलेल्या बापू नाडकर्णींसारख्याने एका टोकाने सामनाच बांधून ठेवला असता. जानेवारी १९६४, मद्रास, इंग्लंडविरुद्ध ३२ षटकं, २७ निर्धाव, ५ धावा; त्यात सलग २१ षटकं निर्धाव. वीस षटकांच्या सामन्यात त्यांच्या वाट्याला चार आली असती!

वाइडचं लिहिताना हात आखडू नका, सगळ्यात जास्त भांडणं तिथेच होतात. लेगला यष्टी आणि पायांच्या बाहेरून गेला की वाइड, हे सरळ लिहा. ऑफला मधल्या यष्टीपासून ८९ सेंटीमीटरवर क्रीझवर फक्कीची छोटी रेघ मारा. आंतरराष्ट्रीय सामन्यांत दिसते तीच ती. मॅटवर फक्की टिकत नाही, तिथे पांढऱ्या रंगाचा पट्टा ओढा. रेघ असली की पंचाला कुणी ‘डोळे तपासा’ म्हणत नाही. निदान कमी वेळा म्हणतात.

अंडरआर्म, म्हणजे हात खालून फिरवून केलेल्या गोलंदाजीची काळजी नको, ती कायद्यातच बंद आहे, सामन्याआधी खास ठरवलं असेल तरच चालते. फेब्रुवारी १९८१ मध्ये मेलबर्नला ऑस्ट्रेलियाच्या ट्रेव्हर चॅपेलने शेवटचा चेंडू जमिनीवरून घरंगळत सोडला होता, त्या काळी ती पळवाट उघडी होती.

साखळीत दोन संघांचे गुण सारखे झाले. नेट रनरेट आम्ही एक काढला, त्यांनी दुसरा काढला. बरोबर कोण?
– स्पर्धा समिती सदस्य, सिन्नर

तुम्ही आकडे पाठवलेत ते बरं केलंत. नेट रनरेट म्हणजे आपली षटकामागची धावगती वजा समोरच्याची. तुमचा संघ : २० षटकांत ७ बाद १४२. समोरचा संघ : १६.२ षटकांत सर्वबाद ९८.

तुमची धावगती १४२ भागिले २०, म्हणजे ७.१०. याबद्दल वाद नाही. वाद समोरच्यांच्या षटकांवर आहे. ते म्हणतात, आम्ही १६.२ षटकं खेळलो, म्हणून आमची गती सहा, आणि तुमचा फरक फक्त १.१०. चूक. सर्वबाद झालेल्या संघाची षटकं पूर्ण वीस धरतात, कारण उरलेली षटकं त्यांनी स्वतःच्या हाताने घालवली. ९८ भागिले २० म्हणजे ४.९०. तुमचा नेट रनरेट अधिक २.२०. तुम्ही बरोबर.

आता तुमच्या गणिताबद्दलही थोडं. संघ बाद न होता १६.२ मध्ये जिंकला असता तर खेळलेलीच षटकं धरायची, पण १६.२ हा दशांश नाही. दोन चेंडू म्हणजे षटकाचा तिसरा हिस्सा, म्हणजे १६.३३. गणकयंत्रावर १६.२ दाबून संघ पुढे पाठवलेले मी पाहिले आहेत. आणि स्पर्धेचा नेट रनरेट म्हणजे सगळ्या सामन्यांच्या धावा एकत्र, षटकं एकत्र, मग भागाकार. प्रत्येक सामन्याचा काढून सरासरी मारू नका.

हे आकडे नियमात आले की कुणीतरी त्यांच्याशी खेळणार, हेही गृहीत धरा. मे १९७९ मध्ये इंग्लंडात मर्यादित षटकांच्या बेन्सन अँड हेजेस करंडकात सॉमरसेट काउंटीचा कर्णधार ब्रायन रोझ याने वूस्टरशरविरुद्ध एका षटकात बिनबाद १ वर डाव घोषित केला. हरले तरी गुण सारखेच झाले असते आणि सरस आकड्यांवर सॉमरसेट पुढे जाणार होतं, ते आकडे बिघडू नयेत एवढ्यासाठी. वूस्टरशरने दहा चेंडूंत सामना जिंकला, तिकीट काढून आलेले लोक बघत राहिले. नियमात घोषणेला बंदी नव्हती, तरी आठवड्याभरात सॉमरसेटला स्पर्धेतून काढून टाकलं. म्हणून ‘डाव घोषित करता येणार नाही’ ही पाच शब्दांची सूचना आजच टाका. आणि गुण सारखे झाले तर आधी त्या दोघांतल्या सामन्याचा निकाल पाहा, नेट रनरेट त्यानंतर. माझा कल असाच आहे. मुलांनाही ते पटतं.

ऐनवेळी बाहेरचे खेळाडू आणतात. थांबवायचं कसं?
– एक कर्णधार, ओझर

आमच्याकडे एकदा उपान्त्य सामन्यात एका व्यवस्थापकाचा ‘भाचा’ आला होता. कारखान्यात त्याला कुणी पाहिलेलं नव्हतं. मामालाही त्याचं आडनाव पटकन आठवेना. त्याने चौकार-षटकार मारत पन्नास काढल्या आणि तोवर माझ्याकडे त्याला अडवायला कागदच नव्हता.

स्पर्धेच्या आठवडाभर आधी पंधरा नावांची यादी, फोटो असलेल्या ओळखपत्राच्या प्रतीसह, कर्णधाराच्या सहीने घ्या. एक नाव एकाच संघात. टॉसच्या आधी त्यातली अकरा लिहून द्यायची, हे तर कायद्यातच आहे; त्यानंतर समोरच्या कर्णधाराच्या संमतीशिवाय बदल नाही. बदली खेळाडू क्षेत्ररक्षण करेल, गोलंदाजी नाही. विकेटकीपिंग करायचं तर पंचांची परवानगी हवी.

पण तुमच्याकडे, अंबडला, सातपूरला शिफ्टवाले असतात. रात्रपाळी करून सकाळी सातला सुटलेला मुलगा साडेनऊला धापा टाकत येतो. तो ठकवणारा नव्हे. अकरातलं नाव असेल तर त्याला येऊ द्या, सात जण हजर असले की सामना सुरू करा. उशिरा आलेल्याने जितका वेळ बाहेर काढला तितका वेळ मैदानात उभं राहिल्यावरच गोलंदाजी, एवढी अट पुरे. द्राक्षांच्या खुडणीत निफाडकडची मुलं तर हमखास गळतात, म्हणून पंधराऐवजी अठरा नावं घेतलीत तरी हरकत नाही.

तक्रार लेखी, सामना संपल्यापासून अर्ध्या तासात, थोड्या अनामत रकमेसह. निर्णय तिघांची समिती देईल, आणि त्या तिघांत ज्याचा मुलगा किंवा जावई खेळतोय असा कुणी नको. (आमच्या समितीत मीच होतो आणि माझा मेहुणा स्टोअर्सकडून खेळायचा. तेव्हा हा नियम नव्हता.)

पाऊस, अंधार, टाय. या तिघांचं काय करायचं?
– एक शिक्षक, देवळाली कॅम्प

पावसाची भीती ऑक्टोबरात आणि अवकाळीत. डिसेंबर-जानेवारीत तुमचा शत्रू दव आणि अंधार. नऊच्या आधी आउटफील्ड ओलं असतं, चेंडू साबणासारखा होतो. डिसेंबरच्या अखेरीस सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. एका डावाला ८५ मिनिटं धरा : पहिला सामना साडेनऊला, दुसरा दीडला, म्हणजे पाचच्या आत सगळं आटोपतं. दिवसाला तिसरा सामना घुसवू नका, कितीही आग्रह झाला तरी.

षटकं कमी झाली तर लक्ष्य कसं बदलणार हे आधी ठरवा. मार्च १९९२ मध्ये सिडनीला विश्वचषकाच्या उपान्त्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेला १३ चेंडूंत २२ हवे होते, बारा मिनिटांच्या पावसानंतर एका चेंडूत २१ हवे झाले. त्या वेळच्या नियमात पहिल्या संघाची सगळ्यात कमी धावांची षटकं वगळायची होती, आणि ती तर जवळपास निर्धावच गेलेली. हातातल्या विकेट आणि उरलेली षटकं दोन्ही धरून लक्ष्य काढणारी डकवर्थ-लुईस पद्धत १९९७ च्या पहिल्या दिवशी हरारेला झिम्बाब्वे-इंग्लंड सामन्यात प्रथम आली. ती ज्याला जमते त्याने वापरावी. साध्या सरासरी धावगतीने लक्ष्य काढलं तर पाठलाग करणाऱ्याचं फावतं, त्याच्या हातात दहा विकेट आणि खेळायला षटकं कमी. माझं मत : बाद फेरीसाठी एक राखीव रविवार ठेवा आणि गणित टाळा. निकालासाठी दोन्ही बाजूंची किमान पाच षटकं हवीत.

टायला सुपर ओव्हर, पण तीही टाय झाली तर? २०१९ ला लॉर्ड्सवर चौकार-षटकार मोजून विश्वविजेता ठरला, इंग्लंड २६, न्यूझीलंड १७, आणि जगभर ओरड झाली. आता निकाल लागेपर्यंत सुपर ओव्हर टाकतात. जानेवारी २०२४ मध्ये बंगळुरूला भारत-अफगाणिस्तान सामन्यात दोन लागल्या. तुमच्याकडे दिवे नाहीत. एक सुपर ओव्हर, मग साखळीतली वरची जागा, असं लिहा.

आमच्याकडे अकराच संघ आले. बाद फेरी कशी बसवू?
– एक वाचक, पंचवटी

अकराच्या वरचा आकडा सोळा. सोळातून अकरा गेले, पाच संघांना बाय, म्हणजे पहिली फेरी न खेळताच पुढे. उरलेल्या सहांचे तीन सामने, मग आठ संघ, पुढे सरळ. एकूण सामने दहा. बाय चिठ्ठ्या टाकून द्या, सगळ्या कर्णधारांसमोर. अध्यक्षांच्या घरी नको.

माझी मुलगी सोळा वर्षांची आहे, लेगस्पिन टाकते. कॉलनीच्या संघाला ती हवी आहे, पण आयोजक म्हणतात मुली करंडकात चालत नाहीत. खरं का?
– एक आई, नाशिकरोड

ताई, क्रिकेटच्या कायद्यांत असं कुठेही लिहिलेलं नाही. २०२१ मध्ये एमसीसीने ‘बॅट्समन’ काढून ‘बॅटर’ हा शब्द घेतला. आपल्या ‘फलंदाज’ला ते करावंच लागलं नाही, तो पहिल्यापासून दोघांचा आहे. बंदी असलीच तर ती स्पर्धेच्या पत्रकात असायला हवी. पत्रक मागून घ्या आणि ओळ दाखवायला सांगा. सिन्नरच्या माया सोनवणेची लेगस्पिन गोलंदाजी २०२२ च्या महिला टी-२० चॅलेंजमध्ये देशाने पाहिली, हेही जाता जाता सांगा.

फक्त चेंडूचं बघा. महिलांच्या सामन्यातला चेंडू १४० ते १५१ ग्रॅमचा असतो, इथे तो १५६ ते १६३ चा असेल, आणि आकारानेही किंचित मोठा. लेगस्पिन टाकणाऱ्या बोटांना तो फरक लगेच कळतो. स्पर्धेला दोन-तीन आठवडे आहेत तोवर तिला रोज मोठ्या चेंडूनेच टाकू द्या, सकाळी दव वाळल्यावर.