रूममेटची पाच तासांची झोप

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या पत्रात दोन प्रश्न आहेत आणि तू त्यांची गल्लत केली आहेस. रूममेट पाच तास झोपून दिवसभर टवटवीत कशी राहते, हा एक. मलाही सवयीने ते जमेल का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर कदाचित तिच्या जनुकांत सापडेल. दुसऱ्याचं उत्तर बहुधा ‘नाही’ असंच आहे.

तू वाचलेली ‘कमी झोपेच्या जनुका’ची बातमी खोटी नाही. २००९ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात यिंग-हुई फू आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एका आई-मुलीच्या जोडीत डीईसी२ या जनुकातला एक बदल सापडला. दोघी रात्री साधारण सव्वासहा तास झोपायच्या. त्याच घरातली हा बदल नसलेली माणसं आठ तासांच्या आसपास. तसाच बदल उंदरांमध्ये घडवला तर तेही कमी झोपू लागले. पुढे २०१९ मध्ये एडीआरबी१ आणि एनपीएसआर१, त्यानंतर जीआरएम१, अशी आणखी जनुकं पुढे आली. पण आकडा नीट वाच. सव्वासहा. आपण चार तासच झोपतो असं चारचौघांत सांगणाऱ्यांना या जनुकाचा आधार घेता येत नाही.

आता बातमीत क्वचितच येणारा भाग. हे बदल सापडले ते आधीच कमी झोपणाऱ्या कुटुंबांमध्ये शोध घेतल्यामुळे. २०२२ मध्ये काही संशोधकांनी उलट्या बाजूने पाहिलं. त्यांनी ब्रिटनमधल्या यूके बायोबँकसह चार मोठ्या अभ्यासांतल्या एक लाख नव्वद हजारांहून अधिक सर्वसामान्य माणसांची जनुकीय माहिती तपासली. त्यांच्यात डीईसी२ आणि एडीआरबी१ मधले हे बदल असलेली माणसं निघाली, पण त्यांची झोप इतरांपेक्षा फारशी वेगळी नव्हती. म्हणजे एका घरात ठळक दिसणारा परिणाम दुसऱ्याच्या शरीरात, बाकीच्या हजारो जनुकांच्या गर्दीत, विरून जाऊ शकतो. म्हणून थुंकीवरून जनुकं तपासणारी चाचणी मागवायचा तुझा बेत मला पटत नाही. अहवालात ‘बदल आहे’ असं आलं तरी त्यावरून झोप कमी करायची मुभा मिळत नाही.

‘झोप चाळीस टक्के आनुवंशिक असते’ हे वाक्यही तू लिहिलं आहेस. जुळ्यांच्या अभ्यासांतून त्याच्या आसपासचे आकडे येतात, हे खरं. पण त्याचा अर्थ तुझ्या आठ तासांतले तीन-सव्वातीन तास आईवडिलांनी दिले आणि उरलेले तू कमावलेस, असा नाही. एखाद्या समूहात कोणी सहा तास झोपतो, कोणी नऊ. माणसामाणसांमधल्या या फरकातला किती वाटा जनुकांमधल्या फरकाशी जोडता येतो, एवढंच तो आकडा सांगतो. तो समूहाचा आकडा आहे, एकट्या माणसाला लावायचा नाही. समूह बदलला, परिस्थिती बदलली, की आकडाही हलतो. रात्रपाळी करणाऱ्यांत आणि निवांत दिनक्रमाच्या माणसांत तो सारखाच यावा, असं काही नाही. ही चूक शिकलेली माणसंही सर्रास करतात, म्हणून जरा लांबण लावली.

बरं, हा वाटा एखाद-दुसऱ्या जनुकाकडे असतो का? तसंही नाही. २०१९ च्या एका अभ्यासात जवळपास साडेचार लाख माणसांनी सांगितलेली झोप आणि त्यांचा जीनोम (सगळी जनुकीय माहिती) ताडून पाहिला, तेव्हा झोपेच्या लांबीशी संबंधित ७८ ठिकाणं त्यात सापडली. त्यांतलं सर्वांत ठळक पीएएक्स८ या जनुकाजवळचं, आणि तिथल्या बदलाची एक प्रत झोपेत सरासरी अडीच मिनिटांचासुद्धा फरक करत नाही. सगळी ठिकाणं एकत्र मोजून झोप वाढवणारे बदल सर्वाधिक असलेले पाच टक्के लोक आणि सर्वांत कमी असलेले पाच टक्के लोक समोरासमोर ठेवले, तर अंतर निघालं बावीस मिनिटांचं. तेवढा वेळ अंथरुणात फोन चाळण्यात सहज जातो.

‘सवय लावली की होतं’ याबद्दल. २००३ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष आले. निरोगी माणसांना सलग चौदा रात्री चार, सहा किंवा आठ तासच अंथरुणात राहू दिलं होतं. सहा तासवाल्यांची एकाग्रता रोज थोडी थोडी घसरत गेली आणि शेवटी एक अख्खी रात्र अजिबात न झोपलेल्या माणसांच्या पातळीला जाऊन पोचली. त्यांना विचारलं तर मात्र पहिले काही दिवस सोडता फारशी पेंग येत नाही म्हणायचे. सवय झाली ती थकवा न जाणवण्याची. तुझ्या पत्रातलं ‘आता मला काही वाटत नाही’ हे वाक्य वाचून मला म्हणूनच आनंद झाला नाही.

रूममेटचं म्हणशील, तर जन्मजात कमी झोप लागणाऱ्या माणसाची खूण सुट्टीत दिसते. गजर नाही, परीक्षा नाही, तरी ती तेवढीच झोपते का? लहानपणापासून अशीच आहे का? घरात आणखी कोणी तसं आहे का? तिन्हीला ‘हो’ आलं तर ती त्या दुर्मीळ माणसांपैकी असू शकेल. रविवारी दुपारपर्यंत लोळत असेल, तर ती आठवडाभराची थकबाकी चुकती करते आहे. आणखी एक शक्यता असते: ती फक्त लवकर उठते. २००१ मध्ये पीईआर२ जनुकातला जो बदल सापडला, त्या कुटुंबातली माणसं संध्याकाळी साडेसातच्या सुमारास झोपायची आणि पहाटे साडेचारला जागी व्हायची. पहाटे उठलेली ती माणसं जगाला दिसली असतील, पण त्यांची झोप कमी नव्हतीच, फक्त अलीकडे सरकलेली होती. आपल्याकडे पहाटे उठण्याचं एवढं कौतुक की रात्रीची बाजू कोणी विचारतच नाही.

तुझ्यापुरतं एवढं कर. येत्या लांब सुट्टीत दोन आठवडे गजर लावू नकोस. डोळे मिटायला लागले की झोप, जाग येईल तेव्हा ऊठ, आणि दुपारनंतर चहा-कॉफी टाळ. पहिले तीन-चार दिवस भरपूर झोपशील. ते हिशेबात धरू नकोस, ती मागची तूट आहे. त्यानंतर जो आकडा स्थिरावेल तो तुझा. प्रौढांसाठी झोपतज्ज्ञ किमान सात तास सांगतात. तुझा साडेआठ निघाला तर साडेआठ धरून वेळापत्रक आख. त्यात आळस काही नाही.

आणि एक. नऊ तास झोपूनही दिवसा डोळे मिटत असतील, किंवा तू घोरतेस, मधेच श्वास अडकल्यासारखा होतो असं रूममेट सांगत असेल, तर ते जनुकांवर ढकलून गप्प बसू नकोस. घोरणं हसण्यावारी नेलं जातं, त्यात पुष्कळांची स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास पुन्हा पुन्हा थांबण्याचा विकार) वर्षानुवर्षं लक्षातच येत नाही. सुट्टीची वाट न पाहता सरळ डॉक्टरांकडे जा.