सरकारने देशाच्या सुरक्षेसाठी फोन ऐकले, तर सरळमार्गी माणसाचं काय बिघडतं?

मी मोबाइल कंपनीत नोडल ऑफिसर होतो. टॅपिंगच्या ऑर्डरी, सीडीआरची (कोणी कोणाला कधी फोन केला त्या नोंदींची) पत्रं, सगळं माझ्याच टेबलावर यायचं. त्यामुळे या प्रश्नावर गप्प बसवत नाही.

एका रात्री एका पोलीस अधिकाऱ्याचा फोन आला. "एक नंबर लावा ऐकायला. नॅशनल सिक्युरिटी आहे, ऑर्डर उद्या देतो." मी म्हटलं, साहेब, तातडीची सोय नियमातच आहे. आयजींची (पोलीस महानिरीक्षकांची) लेखी ऑर्डर घेऊन फौजदाराला पाठवा, गृहसचिवांची मंजुरी सात दिवसांत आली तरी चालेल. त्यावर माझी देशभक्ती काढली. मग माझ्या बॉसला फोन, बॉसचा मला: "कशाला नडतोस?" नंबर लावला नाही. कागद दुसऱ्या दिवशी आला नाही, नंतरही नाही. पुढे कळलं, नंबर घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलेल्या मुलीचा होता. तिचे वडील साहेबांच्या बसण्याउठण्यातले.

आमचे साडू पोलिसातून निवृत्त झालेत. प्रत्येक लग्नकार्यात पंगतीत बसले की त्यांचं एकच पालुपद: "कर नाही त्याला डर कशाला?" त्या मुलीने काय केलं होतं, याचं उत्तर त्यांनी आजवर दिलेलं नाही.

राज्यघटनेचं म्हणाल, तर २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा कलम २१ मध्ये, म्हणजे जगण्याच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्कात, बसवला. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका लाचेच्या प्रकरणातल्या टॅपिंगच्या तीन ऑर्डरी रद्द करून रेकॉर्डिंग नष्ट करायला लावलं, कारण सार्वजनिक सुरक्षेला धोका कुठे होता तेच दाखवता आलं नाही. म्हणजे 'सुरक्षा' हा शब्द नुसता उच्चारून भागत नाही.

आता, ऐकूच नये असं मी म्हणत नाही. २६/११ ला अतिरेक्यांचे पाकिस्तानातल्या सूत्रधारांशी चाललेले फोन ऐकले गेले आणि कसाबच्या खटल्यात ते पुरावा म्हणून आले. तिथे ऐकायलाच हवं होतं.

पण आपल्याकडे ऑर्डर काढणार गृहसचिव आणि ती तपासणाऱ्या समितीतही सचिवच. २०२४ च्या नव्या नियमांतही न्यायाधीश नाही. तुमचा फोन ऐकला हे तुम्हाला नंतरसुद्धा कोणी कळवत नाही. साडू म्हणतात, न्यायाधीशाची सही घेईपर्यंत अतिरेकी पळून जाईल. मग ती सात दिवसांची सवलत कशाला ठेवली आहे? तेवढ्यात न्यायाधीशाकडे जाऊन यायला काय हरकत आहे? हे विचारलं की साडू वाढप्याला हाक मारून मठ्ठा मागवतात.