चमत्कारावर डॉक्टर सही करतात का?

प्रश्न: ताई नमस्कार. २०२५ च्या सप्टेंबरात कार्लो अक्युटिस या इटलीच्या कॅथलिक मुलाला संतपद दिलं तेव्हा आम्ही सगळे टीव्हीसमोर बसलो होतो. मुलगा बारावी सायन्सला आहे, तो मध्येच म्हणतो, चमत्कार सिद्ध झाला म्हणतात पण सिद्ध करणारे व्हॅटिकनचेच ना, मग काय अर्थ? मला काही बोलता आलं नाही. खरंच डॉक्टर असतात का त्यात?
– एक आई, वसई

उत्तर: असतात. आणि मुलाला गप्प बसवू नका हं, प्रश्न रास्त आहे त्याचा.

कार्लोचंच घ्या. १९९१ चा जन्म, २००६ मध्ये ल्युकेमियाने, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरने गेला तेव्हा अवघा १५ वर्षांचा. त्याची प्रार्थना केल्यावर दोघं बरे झाले आणि ते त्याच्या नावावर दोन चमत्कार मानले गेले, एक ब्राझीलमधला छोटा मुलगा ज्याच्या स्वादुपिंडात जन्मतःच दोष होता, दुसरी कोस्टारिकाची विद्यार्थिनी, २०२२ मध्ये फ्लॉरेन्सला सायकलवरून पडून डोक्याला जबर मार बसलेला तिला. अशा केसचे सगळे कागद आधी व्हॅटिकनच्या मेडिकल बोर्डाकडे जातात, तिथे बसतात ते डॉक्टरच. २०१६ च्या नियमांप्रमाणे सात जणांचं बोर्ड असेल तर निदान पाच जणांचं एकमत लागतं. आजार गंभीर होता का, एकदम बरा झाला का, पूर्ण बरा झाला का, परत उलटला तर नाही ना, ही कसोटी १८ व्या शतकापासून चालत आलीय, पुढे पोप झालेल्या लाम्बेर्तिनींनी ती लिहून ठेवली.

पण गंमत कुठेय सांगू, डॉक्टरांना चमत्कार आहे का असं कोणी विचारतच नाही. त्यांना एवढंच विचारतात की आजच्या वैद्यकशास्त्राला हे उलगडतं का. नाही उलगडत म्हणाले की त्यांचं काम संपलं, पुढचं धर्मपंडित, कार्डिनल आणि शेवटी पोप बघतात. म्हणजे ‘सायन्सने चमत्कार सिद्ध केला’ हे वाक्यच चुकीचं, तुमच्या मुलाने पकडलं ते बरोबरच पकडलं.

कॅनडाच्या रक्ततज्ज्ञ जॅकलिन डफिन यांचा किस्सा मला फार आवडतो. १९८० च्या दशकात कोणीतरी त्यांना बोनमॅरोच्या स्लाइड्स तपासायला दिल्या, कोणाच्या, कशासाठी, काहीच न सांगता. स्लाइड्समध्ये भयंकर ल्युकेमिया, मग उतार, मग परत उलटलेला आजार, मग परत उतार. बाईंना वाटलं पेशंट केव्हाच गेली असणार आणि आता कोर्टात केस चालू असेल. निघालं भलतंच, पेशंट जिवंत होती आणि केस होती कॅनडाच्याच एका जुन्या काळातल्या नन, मार्गरीट द’यूव्हिल यांच्या संतपदाची! डफिन बाई स्वतः नास्तिक, तरी साक्ष दिली, आणि १९९० मध्ये द’यूव्हिल संत झाल्या.

सगळ्याच केस इतक्या स्वच्छ नसतात हेही मुलाला सांगा. मदर तेरेसांच्या पहिल्या चमत्कारात बंगालमधल्या ज्या बाईंची पोटातली गाठ गेली, त्यांच्यावर उपचार केलेल्या डॉक्टरांनी उघड सांगितलं की ती टीबीची होती आणि औषधांनी गेली. व्हॅटिकनने तरीही तो चमत्कार मानला. मला विचाराल तर तिथे डॉक्टरांचं म्हणणं जास्त पटतं, आणि असं म्हटल्याने मदरबद्दलचा माझा आदर तसूभरही कमी होत नाही. आपल्या गोव्याचे धर्मगुरू जुझे वाझ यांना तर २०१५ मध्ये पोप फ्रान्सिसनी दुसऱ्या चमत्काराची अट माफ करूनच संतपद दिलं, श्रीलंकेत लपूनछपून केलेली सेवा पुरेशी मानली.

प्रश्न: कार्लोचा देह अजून जसाच्या तसा आहे म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो फिरतोय, जीन्स आणि स्पोर्ट्स शूज घातलेला. खरंय का?
– एक वाचक, मुंबई

उत्तर: फोटो खरा, बातमी खोटी. त्याचा देह जिथे ठेवलाय त्या इटलीतल्या असिसीच्या बिशपांनीच २०२० मध्ये खुलासा केलाय की देह अविनाशी सापडला नव्हता, चेहरा सिलिकॉनने घडवलाय. ज्या पोराने स्वतः वेबसाइट बनवली त्याच्याच नावाने हे फॉरवर्ड चालू आहेत. ग्रुपमध्ये हा खुलासाही टाका, काका लोक चिडतील थोडे.